गोव्याच्या बाजारातलं यीस्ट: पाव, सान्नां आणि बीजाणूंची स्लाइड

म्हापसा, फोंडा किंवा मडगावात बेकरीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात इन्स्टंट ड्राय यीस्टची ५०० ग्रॅमची हवाबंद पाकिटं मिळतात. घरगुती वापराच्या छोट्या पुड्या किराणा दुकानातही असतात. हा माल दोन प्रकारचे लोक नेतात. एक पाव-बन करणारे, दुसरे जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक घेणारे शिक्षक आणि प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी. पाववाल्यांना या मालाबद्दल तक्रारीला जागा नाही. प्रात्यक्षिकवाल्यांनी मात्र विकत घेण्याआधी पुढचं वाचावं. यीस्टला कळ्या फुटताना दाखवायच्या असतील तर पाकीट पुरतं, पण लैंगिक प्रजनन दाखवायचं असेल तर ते बहुतेक वेळा हात देत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत, पाकीट शिळं असण्याशी त्यांचा संबंध नाही.

आधी पावाचं. साध्या पिठाला, म्हणजे उंडो किंवा पोळीसारख्या कमी साखर-तुपाच्या पावाला, १ किलो पिठामागे १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट पुरतं. रात्रभर पीठ ठेवायचं असेल तर २ ते ३ ग्रॅमवर भागतं, आणि चवही त्यातच जास्त येते. इन्स्टंट यीस्टचे दाणे बारीक शेवयांसारखे असतात, ते थेट पिठात मिसळायचे. जाड गोल दाण्यांचं ‘ॲक्टिव्ह ड्राय’ यीस्ट मात्र ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवावं लागतं. गार पाण्यात टाकलं तर पेशींच्या पडद्यातून ग्लुटाथायोन बाहेर झिरपतं आणि पीठ सैल, चिकट होतं. ओलं यीस्ट, म्हणजे वडी, मिळालं तर हिशोब असा: १०० ग्रॅम वडी, ४० ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय आणि ३३ ग्रॅम इन्स्टंट यांचं काम साधारण सारखं. पिठाच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे साखर असेल तर गोड पिठासाठीचं वेगळं पाकीट घ्यावं. साध्या पाकिटातल्या पेशी तेवढ्या साखरेत पाणी गमावतात आणि पीठ फुगायला दुप्पट वेळ घेतं.

फोडलेलं पाकीट पावसाळ्यात बाहेर ठेवू नये. सुकं यीस्ट हवेतली ओल ओढतं, पेशी अर्धवट जाग्या होतात आणि अन्नाविना मरतात. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजरमध्ये ठेवलं तर बरेच महिने टिकतं. शंका आली तर १२० मिली कोमट पाणी, १ चमचा साखर आणि ७ ग्रॅम यीस्ट एकत्र करावं. दहा मिनिटांत वर जाड फेस आला तर माल जिवंत आहे.

सान्नांसाठी (तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या गोव्यातल्या इडल्या) ५०० ग्रॅम तांदळाच्या वाटलेल्या पिठाला अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट घालावं. मे महिन्यात दीड-दोन तासांत पीठ वर येतं. सान्नां हलकी होतात, जाळीदार होतात, पण सुराची, म्हणजे माडाच्या आंबणाऱ्या रसाची (माडीची), आंबूस गोडी त्यांत नसते. सूर फुगवतो तेव्हा यीस्टबरोबर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणूही काम करत असतात. पाकिटात ते नगण्य. चवीसाठी थोडं नारळाचं व्हिनेगर घालणारे आहेत. त्याने आंबटपणा येतो, तो वास काही येत नाही.

आता मूळ मुद्दा. अकरावीच्या पुस्तकात यीस्ट ॲस्कोमायसिटीज गटात येतं, म्हणजे ॲस्कस नावाच्या पिशवीत बीजाणू तयार करणारी बुरशी. प्रात्यक्षिकात मात्र मुलांना कळ्याच दिसतात आणि ॲस्कस पुस्तकातल्या आकृतीपुरता उरतो. मुलांनी खरा ॲस्कस पाहावा असं वाटणाऱ्या शिक्षकाने आधी बेकरीच्या यीस्टचं, म्हणजे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसीचं, जीवनचक्र नीट समजून घ्यावं, कारण पाकिटाचा दोष त्यातूनच कळतो.

या यीस्टच्या एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशी दोन मेटिंग टाइपच्या असतात: ‘ए’ आणि ‘अल्फा’. कोणती पेशी कोणत्या टाइपची, हे तिसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘मॅट’ या जागेवरून ठरतं. ‘ए’ पेशी १२ अमिनो आम्लांचा ए-फॅक्टर सोडते, अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांचा अल्फा-फॅक्टर. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर समोरचीचा फॅक्टर ओळखणारा ग्राही असतो. खूण पटली की पेशी विभाजन थांबवते आणि फॅक्टर जिकडून जास्त येतो त्या बाजूला एक निमुळतं टोक काढते. अशा पेशीला जीवशास्त्रज्ञ ‘श्मू’ म्हणतात. दोन टोकं भिडतात, भिंती विरघळतात, आधी पेशीद्रव आणि मग केंद्रकं एक होतात. झाली द्विगुणित, म्हणजे दोन संचांची, पेशी. तिच्यात ‘ए’ आणि ‘अल्फा’ दोन्हींची जनुकं असल्यामुळे त्यांची प्रथिनं जोडीने मीलनाची जनुकं बंद करतात, आणि ती पेशी पुन्हा कोणाशी जुळत नाही. नुसती कळ्या देत राहते. नायट्रोजन संपला, ग्लुकोज नाही आणि ॲसिटेटसारखं श्वसनानेच वापरता येणारं अन्न तेवढं उरलं, की ती मायोसिस (गुणसूत्रांचे संच निम्मे करणारं विभाजन) करते आणि जुन्या भिंतीच्या आत चार बीजाणू तयार होतात: दोन ‘ए’, दोन ‘अल्फा’. यीस्टमध्ये एकगुणित आणि द्विगुणित अवस्था आलटूनपालटून येतात हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओयविंड विंगे यांनी १९३५ साली दाखवलं.

बेकरीचं व्यापारी यीस्ट या नीटस चित्रात बसत नाही. त्यातले बरेच वाण चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचे, असतात, काहींत एखाददुसरं गुणसूत्र कमी-जास्तही असतं. पीठ झटपट फुगवणं, सुकवण्यात तग धरणं आणि पिढ्यानपिढ्या न बदलणं या गुणांसाठी ते निवडलेले. बीजाणू देण्याची सवय कारखान्याला उपयोगाची नाही, कारण मायोसिस झालं की जनुकांची फेरमांडणी होते आणि पाकिटागणिक गुण बदलतील. तेव्हा अशा वाणांत बीजाणू मुळातच कमी येतात. आले तर एका ॲस्कसमध्ये चाराऐवजी दोन किंवा तीन, आणि त्यांतले पुष्कळ रुजत नाहीत, कारण गुणसूत्रांची वाटणी बिनसलेली असते.

चतुर्गुणित वाणाचा आणखी एक परिणाम प्रोजेक्टवाल्यांनी ध्यानात घ्यावा. अशा पेशीत ‘मॅट’च्या चार प्रती असतात, दोन ‘ए’ आणि दोन ‘अल्फा’. तिचे बीजाणू एकगुणित नसून द्विगुणित निघतात. साध्या गणिताने दोन्ही ‘ए’, मिश्र आणि दोन्ही ‘अल्फा’ यांचं प्रमाण १:४:१ येतं. म्हणजे सहांतले चार बीजाणू मिश्र, आणि मिश्र पेशी कोणाशीच जुळत नाही. दोन कंपन्यांची पाकिटं एका बाटलीत मिसळून ‘संकरित यीस्ट’ तयार करण्याचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनासाठी लोकप्रिय आहे. त्यातून संकर होत नाही. दोन्ही पाकिटांतल्या पेशींत मीलनाची जनुकं बंद असतात, बाटलीत फक्त दोन लोकसंख्या शेजारी शेजारी कळ्या देतात.

तरी पाकिटातूनच स्लाइड करायची असेल तर पद्धत पुढीलप्रमाणे. काही वाण थोडे बीजाणू देतात, म्हणून प्रयत्न वाया जाईलच असं नाही. पाकिटातले दाणे थेट बीजाणूंसाठीच्या ॲसिटेट माध्यमावर टाकू नका. त्यात मेलेल्या पेशी असतात, शिवाय ई ४९१ हा इमल्सिफायर असतो. आधी १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज आणि २ टक्के अगार अशा प्लेटवर रेघा ओढून सुट्या वसाहती वाढवा. दोन दिवसांनी मोठ्या, मलईरंगी वसाहती निवडा. अगदी छोट्या वसाहती घेऊ नका. त्या बऱ्याचदा ‘पेटीट’ असतात, म्हणजे त्यांचं मायटोकाँड्रियातलं श्वसन बिघडलेलं असतं आणि श्वसनाशिवाय बीजाणू होतच नाहीत. खात्री करायची असेल तर ग्लुकोजच्या जागी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर वाढवून पाहा. पेटीट तिथे वाढत नाही.

निवडलेल्या वसाहतीचा ताजा थर एक दिवस वाढवून निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा. धुण्यात आळस केला तर नायट्रोजन सोबत जातो आणि पेशी कळ्याच देत बसतात. न झालेल्या स्लाइडमागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण असतं. धुतलेल्या पेशींचा दाट थेंब ॲसिटेट अगारवर पसरा. १०० मिलीचं माप: पोटॅशियम ॲसिटेट १ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ ग्रॅम, ग्लुकोज ०.०५ ग्रॅम, अगार २ ग्रॅम. पोटॅशियम ॲसिटेट नसेल तर सोडियम ॲसिटेटवरही बीजाणू येतात. प्लेट २५ अंशांवर तीन ते सात दिवस ठेवा. गोव्यात एप्रिल-मेमध्ये साध्या खोलीत ३२-३३ अंश असतं, तेव्हा बीजाणूंचं प्रमाण घसरतं. बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक थंड तापमान राखणारी पेटी) नसेल तर एसी चालू असलेली संगणकखोली वापरावी. प्लेटची कड पट्टीने पूर्ण बंद करू नका, या कामाला ऑक्सिजन लागतो. द्रव माध्यम वापरलं तर फ्लास्कचा जेमतेम दहावा भाग भरा आणि तो सतत हलता ठेवा. पावसाळ्यात प्लेटवर काळी-हिरवी बुरशी चढते. दर दिवशी झाकण उघडून बघण्याची हौस आवरली तर ती बरीच टळते.

रंगवणं सोपं आहे. पातळ थर सुकवून ज्योतीवरून फिरवा. ५ टक्के मॅलाकाइट ग्रीन घालून पाच मिनिटं वाफेवर ठेवा. उकळू देऊ नका आणि सुकूही देऊ नका. पाण्याने धुऊन अर्धा टक्का सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट लावा आणि पुन्हा धुवा. तेल लावून १०० पटीच्या भिंगाखाली बघताना साध्या पेशी गुलाबी-लाल दिसतात आणि बीजाणू हिरवे. चार बीजाणू एका सपाटीत असले तर चौकोनात बसलेले दिसतात. बऱ्याचदा तीन खाली आणि एक वर असतो, म्हणून फाइन फोकस वरखाली करत राहायचं, चौथा तेव्हाच वर येतो. प्रत्येक बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉनचा, आणि चौघांभोवती जुन्या पेशीची पातळ लालसर कड.

खोट्या ॲस्कसपासून सावध राहावं. उपाशी पेशींत मेदाचे गोळे आणि मोठ्या रिक्तिका होतात. न रंगवलेल्या स्लाइडवर त्या हुबेहूब बीजाणूंसारख्या चमकतात, पण मॅलाकाइट ग्रीन धरून ठेवत नाहीत. चार कळ्यांचा झुबकाही फसवतो. त्यात प्रत्येक पेशीला आपली वेगळी बाहेरची भिंत असते, ॲस्कसमध्ये चौघांना मिळून एकच. हा फरक मुलांना कागदावर काढायला लावावा, नाहीतर वर्गात प्रत्येक झुबका ॲस्कस ठरतो.

पाकिटापेक्षा सूर बरा का? बीजाणूंसाठी, बऱ्याचदा हो. रेंदेराकडून, म्हणजे माडावरून सूर काढणाऱ्याकडून, सकाळी उतरवलेला ताजा सूर आणला तर त्यात जंगली यीस्ट असतं. सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसीचे जंगली वाण सहसा द्विगुणित असतात आणि उपासमार झाली की चांगले बीजाणू देतात. पण सुरात एकटं यीस्ट नसतं. लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्लाचे जिवाणू असतात, इतर यीस्टही असतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सूर व्हिनेगरच्या वाटेला लागलेला असतो. म्हणून आणल्या आणल्या, वर सांगितलेल्या प्लेटमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घालून, १०० पट पातळ केलेल्या सुराच्या रेघा ओढाव्यात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या वसाहती वेगळ्या उचलाव्यात आणि प्रत्येक ॲसिटेटवर न्यावी. पाकिटापेक्षा मेहनत जास्त, पण मुलांच्या हाती आपल्याच माडावरचा जीव लागतो. ते मोल मोठं आहे.

माडी-ताडीत जगात अनेक ठिकाणी विखंडन यीस्टही, म्हणजे शायझोसॅकॅरोमायसीस पॉम्बेही, सापडलं आहे. सुराच्या स्लाइडवर ३-४ मायक्रॉन रुंद, दंडगोल आणि कळी न देता मधोमध आडवी भिंत घालून दुभंगणाऱ्या पेशी दिसल्या तर त्या वेगळ्या काढाव्यात. काडीच्या आकाराचे जिवाणू याहून खूपच बारीक असतात. या यीस्टचे मेटिंग टाइप ‘एच अधिक’ आणि ‘एच उणे’. ते सहसा एकगुणितच राहतं आणि दोन पेशी जुळल्या की लगेच मायोसिस करून बाकदार ॲस्कसमध्ये चार बीजाणू देतं. माल्ट एक्स्ट्रॅक्ट अगारवर २५ अंशांवर तीन दिवस ठेवून उघड्या प्लेटवर आयोडीनची वाफ धरली, की बीजाणू असलेल्या वसाहती गडद तपकिरी होतात, कारण त्यांच्या भिंतीत स्टार्चसारखा पदार्थ असतो. रंगाची एवढी झटपट खूण सेरेव्हिसीत मिळत नाही. आयोडीनची वाफ श्वासात जाऊ न देता, हवेशीर जागी आणि शिक्षकांच्या हातानेच हे करावं.

सुरातून ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशा दोन वेगळ्या बरण्या भरून ठेवता येतील ही आशा मात्र धरू नये. जंगली वाणांत बहुधा ‘एचओ’ हे जनुक चालू असतं. एकदा कळी दिलेली आई-पेशी या जनुकाच्या एन्झाइमने ‘मॅट’ची जागा कापते आणि त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांना मिटून ठेवलेल्या प्रतींपैकी दुसरी तिथे उतरवून घेते. ‘ए’ची अल्फा होते, शेजारच्या पेशीशी जुळते, आणि एका बीजाणूपासून वाढलेली वसाहत काही पिढ्यांत द्विगुणित होऊन बसते.

मीलनच दाखवायचं असेल तर बाजार सोडून संग्रहालयाकडे जावं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम आणि चंदीगडचं एमटीसीसी ही दोन्ही सूक्ष्मजीव संग्रहालयं शिक्षणसंस्थांना वाण पुरवतात. मागणी करताना मेटिंग टाइप, ‘एचओ’ निकामी आहे का, आणि कोणती पोषणाची खूण आहे, म्हणजे कोणता पोषक पदार्थ त्याला स्वतः बनवता येत नाही, हे तिन्ही विचारावं. नुसतं ‘सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी’ लिहिलं तर द्विगुणित वाण हाती येण्याची शक्यता मोठी. वर्गासाठी सर्वांत देखणी जोडी म्हणजे ‘एडीई१’ हे जनुक बिघडलेला ‘ए’ वाण आणि ‘एडीई२’ बिघडलेला अल्फा वाण. दोन्हींच्या वसाहती लाल, कारण ॲडेनीन बनवण्याची वाट अर्ध्यावर तुटून रंगद्रव्य साठतं. दोघांचा ताजा थर अगारवर एकत्र कालवून ३० अंशांवर ठेवला की दोन-तीन तासांत श्मू दिसतात, चार ते सहा तासांत जुळलेल्या जोड्या आणि त्यांच्या मानेवरून निघालेली पहिली कळी. मग ॲडेनीन नसलेल्या माध्यमावर रेघा ओढल्या की वाढतं ते फक्त द्विगुणित, आणि ते पांढरट असतं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली हे भिंगाशिवाय दिसतं. बाजारातलं कुठलंही पाकीट या प्रयोगाच्या जवळही येत नाही.

संशोधनात सर्रास वापरली जाणारी बीवाय ४७४१ आणि बीवाय ४७४२ ही जोडीही मीलनाला चांगली आहे. पहिल्याला मेथायोनिन बनवता येत नाही, दुसऱ्याला लायसीन, त्यामुळे ही दोन्ही वगळून हिस्टिडीन, ल्युसीन आणि युरॅसिल घातलेल्या माध्यमावर फक्त जुळलेल्या पेशी उगवतात. पण तिच्या द्विगुणित पेशी बीजाणू देण्यात मंद आहेत. बीजाणूंसाठी एसके१ हा वाण मागावा. तो एका दिवसात बहुसंख्य पेशींचे ॲस्कस करून देतो, आणि तासिका ठरवणाऱ्या शिक्षकाला याहून सोयीचं काही नाही.

वाण सुकवलेल्या स्थितीत काचेच्या नळीत आला तर नळी फोडून त्यात अर्धा मिली निर्जंतुक द्रव माध्यम घालावं, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यावं आणि मग प्लेटवर उतरवावं. पहिल्या वाढीला दोनाऐवजी चार-पाच दिवस लागू शकतात, तेवढ्यावरून माल मेला असं ठरवू नये. वापरलेल्या प्लेट्स १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करून, किंवा प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवून टाकाव्यात. प्रयोगशाळेत वाढवलेलं कुठलंही यीस्ट, सुरातलं असलं तरी, सान्नांच्या पिठात घालू नये. त्या प्लेटवर आणखी काय वाढलंय ते डोळ्यांना दिसत नाही.